संगणकाचा कारभारी



शाळेच्या संगणक-खोलींत बसून तुम्ही कीबोर्डवरील एक कळ दाबतां आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं तें अक्षर पडद्यावर उमटतें. हें इतकें सहज घडतें कीं, यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें आपणांस वाटतच नाहीं. परंतु क्षणभर थांबून एक प्रश्न स्वतःस विचारून पाहा. त्याच वेळीं त्या यंत्रांत एखादें गाणें चालू असतें, दुसऱ्या चौकटींत एखादें चित्र उघडें असतें, कोपऱ्यांतील घड्याळ पुढें सरकत असतें. मग तुम्हीं दाबलेली कळ गाण्याकडे किंवा चित्राकडे न जातां नेमकी तुमच्या निबंधाकडेच कशी गेली? ती तेथें पोंचविली कोणीं?

हें काम करणारा एक कारभारी प्रत्येक संगणकांत व तुमच्या घरच्या प्रत्येक मोबाइलमध्यें बसलेला असतो. त्याला कर्नल असें म्हणतात. पलटणींतील कर्नलसाहेबांशीं या शब्दाचा कांहीं एक संबंध नाहीं. कठीण कवच फोडलें असतां आंत जो गर सांपडतो त्याला इंग्रजींत हा शब्द आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून जो प्रोग्रॅमांचा मोठा समूह यंत्रासोबत आपणांस मिळतो, त्याच्या अगदीं आंतील गाभा तो कर्नल होय.

असा एक लहानसा कर्नल विद्यार्थ्यानें केवळ हौसेखातर स्वतःच्या हातांनीं कसा बांधावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. त्याबरोबरच, ज्याचा बाजारांत कांहीं उपयोग नाहीं अशा कामांत मुलानें सुट्टीचे दिवस कां घालवावे, या पालकांच्या रास्त शंकेचेंहि उत्तर आम्ही देणार आहों.

कारभाऱ्याचीं कामें

शाळेचीच उपमा घेऊं. शाळेंत वर्ग अनेक असतात, परंतु प्रयोगशाळा एक, मैदान एक आणि सभागृहहि एकच. कोणत्या वर्गानें मैदानावर केव्हां जावें, प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या हातीं द्यावी, घंटा केव्हां व्हावी, हें जर ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें ठरविलें, तर अर्ध्या तासांत शाळेचा बाजार होईल. म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलींत वेळापत्रक असतें, आणि किल्ल्यांचा जुडगाहि तेथेंच असतो.

संगणकांतहि तसेंच आहे. त्यांत प्रोग्रॅम पुष्कळ असतात; पण हिशेब करणारा प्रोसेसर, आंकडे स्मरणांत ठेवणारी मेमरी आणि माल सांठविणारी डिस्क हीं साधनें मोजकींच असतात. यावरून कर्नलचीं मुख्य कामें तीन ठरतात. पहिलें, प्रोसेसरचा वेळ सर्वांस वांटून देणें. दुसरें, मेमरींतील जागा वांटून देणें व एकाच्या जागेंत दुसऱ्यास शिरूं न देणें. तिसरें, कीबोर्ड, पडदा, डिस्क इत्यादि उपकरणांशीं स्वतः बोलणें व प्रोग्रॅमांच्या मागण्या त्यांच्यापर्यंत नेऊन पोंचविणें.

कर्नल स्वतः निबंध लिहीत नाहीं कीं गाणें वाजवीत नाहीं. तो नीट चालला असतां तो आहे हेंहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो चुकला म्हणजे मात्र सर्वांचेंच काम एकदम बंद पडतें. चांगल्या कारभाऱ्याची स्थिति सर्वत्र अशीच असते.

हेलसिंकी येथील एक विद्यार्थी

या विषयाचें एक प्रसिद्ध उदाहरण फिनलंड देशांतील आहे. हेलसिंकी विद्यापीठांत लिनस टोरव्हाल्ड्स नांवाचा एक विद्यार्थी होता. १९९१ च्या जानेवारींत, वयाच्या २१ व्या वर्षीं, त्यानें हप्तेबंदीनें एक संगणक विकत घेतला. त्यांत इंटेल कंपनीचा ८०३८६ हा प्रोसेसर होता आणि मेमरी अवघी ४ मेगाबाइट होती. आज साध्या मोबाइलमध्येंहि याच्या शेंकडों पट मेमरी असते.

अ‍ॅम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं मिनिक्स नांवाची एक लहान ऑपरेटिंग सिस्टिम रचिली होती, आणि १९८७ सालीं तिचें विवरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. टोरव्हाल्ड्सनें तो ग्रंथ मन लावून वाचला होता व मिनिक्स आपल्या यंत्रावर घातलें होतें. नवा प्रोसेसर काय काय करूं शकतो हें समजून घेण्यासाठीं त्यानें एक अगदीं लहान प्रयोग केला. दोन कामें एकाच वेळीं चालवावयाचीं. एकानें पडद्यावर नुसतें ‘ए’ हें अक्षर लिहीत राहावयाचें, दुसऱ्यानें ‘बी’. आणि यंत्रांतील घड्याळाच्या ठोक्यावर प्रोसेसरनें एकाकडून दुसऱ्याकडे वळावयाचें. पडद्यावर ए-ए-ए आणि बी-बी-बी अशा माळा आळीपाळीनें दिसूं लागल्या. पाहणाऱ्यास यांत कौतुक वाटण्यासारखें कांहींच नव्हतें. पण कर्नलचें बीं तें हेंच.

पुढें घरबसल्या विद्यापीठाच्या संगणकाशीं जोडून घ्यावें म्हणून त्यानें यांत भर घातली. तेथील मजकूर घरीं उतरवून घेण्याची इच्छा झाली म्हणून डिस्कवर लिहिण्याची सोय केली. आणि असें एकेका गरजेमागून काम वाढत गेलें. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें मिनिक्स वापरणाऱ्या इतर लोकांस या कामाची खबर दिली. तींत, हा आपला केवळ छंद आहे, यांतून मोठें कांहीं व्हावयाचें नाहीं, अशा अर्थाचा मजकूर होता. सप्टेंबरांत त्याची पहिली प्रत तयार झाली. ती सुमारें १०,००० ओळींची होती व मिनिक्सच्या आधारावांचून तिला उभें राहतां येत नव्हतें. तिचेंच नांव पुढें लिनक्स पडलें. आज त्या कर्नलच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत, अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक मोबाइलमध्यें तोच गाभा आहे, आणि जगांतील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी वेळोवेळीं प्रसिद्ध होते, तींतील सर्वच्या सर्व यंत्रें नोव्हेंबर १९१७ नव्हे, २०१७ पासून याच कर्नलवर चालत आलीं आहेत. (शतकाची ही चूक वर्गांत आमच्याकडून नेहमीं होते, व मुलें ती आनंदानें दुरुस्त करितात.)

हें सांगण्यांत तुम्हीहि असेच जगप्रसिद्ध व्हाल असें आमिष दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. हौशी लोकांनीं आरंभिलेले असे पुष्कळ कर्नल अर्ध्यावरच सोडून दिले गेले, आणि जे पुरे झाले ते बहुधा कर्त्याच्या खोलीबाहेर गेले नाहींत. तुम्हीं अनुकरण करावयाचें तें त्या कीर्तीचें नव्हे, तर त्या दोन अक्षरांच्या प्रयोगाचें.

आरंभापूर्वीं हिशेब

ज्यास बुरूज बांधावयाचा आहे त्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीं तर पाया घालून काम अडलें म्हणजे लोक हंसतात, असा प्रभूचा एक दृष्टान्त आहे. कर्नल बांधणारास तो तंतोतंत लागू पडतो. बहुतेकांचें काम अडतें तें बुद्धि कमी पडल्यामुळें नव्हे. पहिल्या आठवड्यांतच रंगीत चौकटी, आवाज व इंटरनेट यांचे बेत केल्यामुळें अडतें.

म्हणून वहींत दोन याद्या करा. पहिल्या यादींत काय करावयाचें तें लिहा : काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें, कीबोर्ड, घड्याळ, मेमरीची वांटणी, आणि आळीपाळीनें चालणारे दोन लहान प्रोग्रॅम. दुसऱ्या यादींत काय करावयाचें नाहीं तें लिहा. दुसरी यादी पहिलीपेक्षां लांब असली पाहिजे.

साधनें म्हणाल तर सी ही भाषा चांगली आली पाहिजे व प्रोसेसरची स्वतःची अ‍ॅसेंब्ली भाषा थोडीशी आली पाहिजे. तिसरें साधन एम्युलेटर होय. क्यूएमू व बॉक्स या नांवांचे असे प्रोग्रॅम मोफत मिळतात. संपूर्ण संगणकाचें सोंग हे प्रोग्रॅम हुबेहूब वठवितात. त्यामुळें चूक झाली तरी मोडतें तें सोंग, खरें यंत्र नव्हे. घरच्या संगणकाच्या डिस्कवर हे प्रयोग कधींहि करूं नयेत.

पहिलें पाऊल : ५१२ बाइट

यंत्र सुरूं होतें तेव्हां मेमरी कोरी पाटी असते. मग पहिली आज्ञा येते कोठून? यंत्रांतच बायोस नांवाचा एक लहान प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो. तो डिस्कचा अगदीं पहिला भाग, म्हणजे ५१२ बाइट, वाचून मेमरीच्या ३१७४४ या ठिकाणीं ठेवितो. त्यांतील शेवटचे दोन बाइट ८५ आणि १७० असले तरच तो त्यास आरंभ-प्रोग्रॅम समजतो व पुढील सूत्रें त्याच्या हातीं देतो. राहिलेल्या ५१० बाइटांत तुम्हांस आपल्या उरलेल्या कर्नलला डिस्कवरून हांक मारून आणावयाचें असतें. हल्लींच्या यंत्रांत यूईएफआय नांवाची निराळी पद्धति आली आहे. परंतु एम्युलेटरमध्यें जुनी पद्धति अजून उपलब्ध आहे, आणि शिकणारास तीच सोयीची.

येथें आणखी एक नवल आहे. ८०३८६ व त्याचे वंशज सुरूं होतांना १९७८ सालच्या ८०८६ या आपल्या पूर्वजासारखेच वागतात. त्यांना सुमारें १ मेगाबाइटपलीकडची मेमरी दिसत नाहीं. त्यांना त्यांच्या खऱ्या सामर्थ्याची जाणीव तुमच्याच प्रोग्रॅमनें करून द्यावी लागते.

दुसरें पाऊल : पहिलें अक्षर

सी भाषेंत पडद्यावर लिहिण्याची जी तयार आज्ञा तुम्ही रोज वापरतां ती येथें नसते, कारण ती आज्ञा कर्नलकडेच मदत मागते, आणि कर्नल तर अद्याप व्हावयाचा आहे. सर्व कांहीं स्वतः करावें लागतें. अक्षरी पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरें मावतात. प्रत्येक अक्षरास दोन बाइट लागतात, एक अक्षराचा व एक रंगाचा. मिळून ४,००० बाइट. मेमरींत ७५३६६४ या ठिकाणापासून पुढें हे बाइट लिहिले कीं तींच अक्षरें पडद्यावर दिसतात. तेथें ६५ हा आंकडा ठेविला कीं डाव्या वरच्या कोपऱ्यांत ‘ए’ उमटतो. तो पाहून जो आनंद होतो तो सांगून कळणार नाहीं. कारण त्या अक्षराच्या व तुमच्या मध्यें दुसऱ्या कोणाचाहि प्रोग्रॅम उरलेला नसतो.

तिसरें पाऊल : शिपाई आणि नोटीस

वर्गांत कविता चालली आहे, इतक्यांत शिपाई नोटीस घेऊन दारांत येतो. शिक्षक काय करितात? चालू ओळीवर बोट ठेवितात, नोटीस वाचून सही करितात, शिपायास परत पाठवितात आणि त्याच ओळीपासून कविता पुढें सुरूं करितात. संगणकांत याला इंटरप्ट म्हणतात. कळ दाबली कीं कीबोर्ड असा शिपाई धाडतो. ठराविक काळ लोटला कीं घड्याळ धाडतें. प्रोसेसर हातांतील काम जेथल्या तेथें थांबवितो, आलेल्या शिपायाचा क्रमांक पाहतो, त्या क्रमांकासमोर कोणतें काम लिहिलें आहे हें एका कोष्टकांत शोधतो, तें काम करितो आणि परत येतो.

बोट ठेवण्याचें काम नीट झालें पाहिजे, हें येथील सारें रहस्य आहे. प्रोसेसरच्या हातांतील सर्व आंकडे आधीं नीट जपून ठेवावे लागतात व परत येतांना जसेच्या तसे मांडावे लागतात. एक आंकडा जरी बदलला तरी थांबलेला प्रोग्रॅम पुढें भलतेंच करूं लागतो, आणि चूक कोठें झाली हें त्याला स्वतःलाहि कळत नाहीं.

या यंत्रांतील घड्याळाचा मूळ ठोका सेकंदास ११,९३,१८२ इतका असतो. त्याला ११,९३२ नें भागावयास सांगितलें म्हणजे सेकंदास जवळजवळ १०० शिपाई येतात. लिनक्सच्या पहिल्या प्रतींतहि हाच वेग ठेविला होता.

चौथें पाऊल : खोल्यांची वही

मेमरीचे प्रत्येकीं ४,०९६ बाइटांचे सारखे तुकडे पाडतात व प्रत्येक तुकड्यास पान म्हणतात. ४ मेगाबाइटांत अशीं १,०२४ पानें होतात. कोणतें पान रिकामें व कोणतें भरलेलें, याची नोंद ठेवण्यास पानागणिक एक खूण पुरते. म्हणून सर्व मेमरीची वही अवघ्या १२८ बाइटांत मावते. हा हिशेब तुम्हीं स्वतः कागदावर करून पाहावा.

दुसरी युक्ति याहून सुंदर आहे. वसतिगृहांतील प्रत्येक मुलास आपली खोली ‘क्रमांक १’ आहे असें सांगितलें, आणि कोणाची क्रमांक १ म्हणजे खरी खोली कोणती हें गृहपालांच्या वहींत लिहून ठेविलें, तर कोणींहि कितीहि प्रयत्न केला तरी दुसऱ्याच्या खोलींत जातां येणार नाहीं; कारण तिचा क्रमांक उच्चारण्याचें साधनच त्याच्यापाशीं नाहीं. प्रत्येक प्रोग्रॅमला प्रोसेसर अशीच निराळी वही लावतो. वहींत नसलेली जागा कोणीं मागितली कीं १४ क्रमांकाचा इंटरप्ट होतो व कर्नलला लागलीच वर्दी मिळते.

पांचवें पाऊल : आळीपाळी आणि वेस

आतां टोरव्हाल्ड्सचा तो प्रयोग करावयाचा. एक प्रोग्रॅम ‘अ’, दुसरा ‘ब’. घड्याळाचा शिपाई आला कीं ‘अ’चे आंकडे जपून ठेवावयाचे व परततांना ‘ब’चे मांडावयाचे. प्रोग्रॅमला वाटतें कीं प्रोसेसर सर्वकाळ आपलाच आहे. सेकंदास शंभर वेळां हें चाललें म्हणजे आपल्या डोळ्यांसहि दोन्ही कामें एकदम चालल्यासारखीं दिसतात.

शेवटीं वेस बांधावयाची. ८०३८६ मध्यें अधिकाराच्या चार पायऱ्या आहेत, शून्यापासून तीनपर्यंत. कर्नल शून्यावर बसतो, सामान्य प्रोग्रॅम तीनवर. तीनवरचा प्रोग्रॅम डिस्कला थेट हात लावूं शकत नाहीं. त्याला ठरलेल्या दारावर येऊन मागणी सांगावी लागते. लिनक्सनें या दाराचा क्रमांक १२८ ठेविला. मागणी करणारा कोण आहे व जी जागा तो दाखवीत आहे ती खरोखर त्याची आहे काय, हें पाहिल्याशिवाय कर्नलनें कांहीं देऊं नये. यांत कोणाचा अपमान नाहीं. सर्वांच्या रक्षणाची ती रीत आहे.

एका चुकीची हकीकत

कर्नलमध्यें चूक झाली असतां ती सांगण्यास कोणी उरत नाहीं. चूक निस्तरतांना दुसरी चूक झाली व ती निस्तरतांना तिसरी झाली, तर प्रोसेसर हात टेकतो व यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरूं होतें. पडदा काळा, मग बायोसची ओळ, मग पुन्हां काळा.

आमच्या दोन विद्यार्थ्यांचें असेंच झालें. घड्याळाचे इंटरप्ट चालू करावे तोंच यंत्र पुन्हां आरंभास जाई. ते आमच्याकडे आले. आम्हीं त्यांचीं पानें चाळून मोठ्या खात्रीनें सांगितलें कीं, आंकडे जपून ठेवण्यांत चूक आहे. दोन आठवडे त्या मुलांनीं तोच भाग पुन्हां पुन्हां लिहिला. इतक्यांत शाळेचें विज्ञान-प्रदर्शन आलें. त्या दिवशीं त्यांचा कर्नल उत्तम चालला, ‘अ’ व ‘ब’ आळीपाळीनें दिसले, पाहुण्यांनीं वाखाणणी केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघेहि खालीं मान घालून आमच्यापुढें उभे. म्हणाले, “सर, काल आम्हीं इंटरप्ट बंदच ठेविले होते. ‘अ’ आपल्या मर्जीनें थांबून ‘ब’ला पाळी देत होता. घड्याळ चाललेंच नव्हतें.”

आम्हीं त्यांस रागें भरलों नाहीं. मूळ चूक तर आमचीच होती. आम्हीं न तपासतां निदान केलें होतें. त्या दिवशीं आम्ही तिघे एम्युलेटरच्या नोंदी उघडून ओळ ओळ वाचीत बसलों. शेवटीं ८ हा आंकडा दिसला. मुलांनीं घड्याळाचें काम कोष्टकांत ३२ या क्रमांकासमोर लिहिलें होतें, आणि तें बिनचूक होतें. परंतु या जातीच्या यंत्रांत बायोस घड्याळाच्या शिपायास ८ हा क्रमांक देऊन ठेवितो. आणि इंटेलनें तोच ८ ‘चुकीवर चूक झाली’ हें कळविण्यासाठीं राखून ठेविला आहे. शिपायांना नवे क्रमांक देण्याचें पाऊलच राहून गेलें होतें. चार-पांच ओळी घालतांच घड्याळ चालूं लागलें. प्रदर्शनांत मिळालेल्या शाबासकीपेक्षां त्या सकाळीं त्यांनीं आपण होऊन सांगितलेली गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटली. यंत्रास मात्र शाबासकीहि कळत नाहीं आणि सबबहि कळत नाहीं. आठव्या घरांत जें असेल तेंच तें करितें.

थोरांच्याहि चुका होतात. १९९१ च्या अखेरीस टोरव्हाल्ड्सनें फोनवरून विद्यापीठाचा संगणक जोडण्यासाठीं दिलेली आज्ञा चुकून आपल्याच डिस्ककडे पाठविली, व तिजवरील मिनिक्सचा भाग बिघडला. मिनिक्स पुन्हां घालण्याऐवजीं त्यानें आपल्याच कर्नलवर राहण्याचें ठरविलें, व तो कर्नल त्यायोगें लौकर पायांवर उभा राहिला.

गुरूंशीं वाद

१९९२ च्या जानेवारींत प्राध्यापक टॅनेनबॉम यांनीं लिनक्सवर उघड टीका केली. त्यांचें म्हणणें असें कीं, कर्नल अगदीं लहान असावा व डिस्क वगैरेंचीं कामें त्याच्या बाहेर निराळ्या प्रोग्रॅमांकडे सोंपवावीं. सर्व कांहीं एकाच गाभ्यांत कोंबणें हें मागें जाणें आहे, आणि तें एकाच जातीच्या प्रोसेसरला जखडून टाकणें हीहि चूक आहे. असा आराखडा आणणाऱ्या विद्यार्थ्यास आपण चांगले गुण दिले नसते, असेंहि ते म्हणाले. टोरव्हाल्ड्सनें रागाच्या भरांत तिखट उत्तर दिलें. मग दुसऱ्या पत्रांत आपल्या भाषेबद्दल क्षमा मागितली, परंतु आपलें मत सोडलें नाहीं.

यांत खरें कोणाचें? एका चुकीनें सर्व यंत्र बंद पडूं नये, हा गुरूंचा मुद्दा आजहि खरा आहे. आणि लिनक्स पुढें इतर अनेक जातींच्या प्रोसेसरांवर नेण्यांत आला, यावरून त्यांची एक भीति निराधार ठरली, पण दुसरी सूचना किती योग्य होती हेंहि दिसून आलें. उलटपक्षीं, सर्व कामें एका गाभ्यांत ठेविल्यानें निरोपांची ये-जा वांचते व वेग मिळतो, हा शिष्याचा मुद्दाहि खरा होता. विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, मत दृढ असावें, भाषा आवरलेली असावी, आणि ज्यांच्या ग्रंथावरून आपण शिकलों त्यांचें ऋण वादांतहि विसरूं नये.

पालकांस दोन शब्द

आतां पालकांच्या शंकेकडे वळूं. हा कर्नल कोणी विकत घेणार नाहीं, परीक्षेंत त्यावर प्रश्न येणार नाहीं, हें खरें आहे. तरी आम्ही त्याची शिफारस करितों, याचें कारण असें. आमचीं मुलें दिवसाकाठीं कित्येक तास ज्या यंत्राच्या सहवासांत काढतात, त्याच्याविषयीं त्यांच्या मनांत दोनच भावना असतात : एक तर त्याची मोहिनी, नाहीं तर त्याची भीति. ज्यानें ७५३६६४ या ठिकाणीं स्वतः एक अक्षर ठेविलें आहे, त्याच्या मनांतून या दोन्ही भावना जातात. हें यंत्र माणसानेंच बांधिलें आहे, त्यांतील प्रत्येक गोष्टीस कारण आहे, आणि तें कारण धीर धरून शोधिल्यास सांपडतें, हें तो अनुभवानें जाणतो. असा मुलगा किंवा मुलगी पुढें वैद्य होवो कीं शेतकरी होवो, ही जाण वायां जात नाहीं.

मात्र मूल खरोखर काम करीत आहे कीं नुसतें पडद्यापुढें बसलें आहे, हें पालकांनीं पाहिलें पाहिजे. आणि त्याला संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. रात्रीं जेवतांना तीन प्रश्न विचारावे. तुझा कर्नल आज काय करितो? काल कोठें अडला होता? आणि तें मला समजेल अशा शब्दांत सांगशील काय? पहिल्या दोहोंचें उत्तर वहींत लिहिलेलें असावें. तिसऱ्याचें उत्तर देतां आलें तर समजावें कीं, वेळ चांगल्या कामीं लागला.

आणि विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टींत तुमच्याकडून आम्हांस पुरा कर्नल नको आहे. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांत एकच अक्षर आणून दाखवा, आणि तें तेथें कसें आलें हें आरंभापासून एका पानावर लिहून आणा. थोडें काम विश्वासूपणें करणारास मोठें काम सोंपवितां येतें. अडल्यास आमच्याकडे जरूर या. या खेपेस आम्ही निदान करण्यापूर्वीं नोंदी वाचूं.